शिक्का मारण्याआधी

जिथे कुणी आपणहून बदली मागत नाही, तिथे किस्से मात्र ढिगाने साचतात. मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कत्तलखान्यावर पशुवैद्यक आहे. पहाटे बोकडं तपासायची, ठणठणीत असतील तरच कापायची परवानगी द्यायची, मग मटणावर जांभळा शिक्का. आणि उरलेला दिवस सोपान आणि बबन या दोन खाटकांची भांडणं! दोघांची दुकानं समोरासमोर, गिऱ्हाईक तेच.

*

आमच्याकडे टांगलेल्या धडाच्या शेपटीला केसांचा गोंडा दिसल्याशिवाय गिऱ्हाईक खिशात हात घालत नाही. गोंडा असला की बोकड, मेंढी नव्हे, अशी खात्री. एका रविवारी बबनने ऐन गर्दीत मला सोपानच्या दुकानापुढे नेलं.

"सायेब, धड मेंढीचं हाय. गोंडा वरून शिवलाय."

सोपानच्या हातात सुरा होता आणि तो काही खाली ठेवत नव्हता. मी गोंडा धरून जोरात ओढला. निघाला नाही.

सोपान शांतपणे म्हणाला, "आता त्याच्या दुकानातला बी वढा."

ओढला! न ओढून सांगतो कुणाला?

*

मग सोपानची पाळी. बबन घरामागे चोरून कापतो, अशी खबर त्याने दिली. खरी निघती तर बबनचा परवानाच गेला असता. पथक घेऊन गेलो. बबनची आई दारात आडवी बसलेली. आत बोकड ओरडत होता, तो एकदम थांबला. "मावशी, बाजूला व्हा," म्हणत मी वाट काढली. आत जाऊन बघतो तर बोकड सुखरूप, मक्याचं कणीस खात उभा.

म्हातारी म्हणाली, "नवसाचा हाय. ह्याला शिक्का देव मारनार, तू न्हाई."

*

पुढे पुण्याच्या एका कंपनीने हायवेला एसी मटणशॉप काढलं. तिचा मॅनेजर पहाटेच गाडी घेऊन हजर. "डॉक्टर, आमचा माल आधी चेक करा, डिलिव्हरीचं टायमिंग असतं." सोपानने मोटारसायकल गेटात आडवी लावली. तिच्यामागे बबनने आपली लावली. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते. मॅनेजर वर फोन लावायच्या गोष्टी करू लागला. पण शेवटी तो रांगेत उभा राहिला.

मग आपल्या दोघांत पहिला कोण, यावरून सोपान आणि बबन अर्धा तास भांडले.

*

आता यंदाचं सांगतो. आखाडाचा शेवटचा रविवार म्हणजे श्रावणाआधीचं शेवटचं मटण. त्या एका दिवसाच्या विक्रीवर खाटकाचा पुढचा रिकामा महिना निघतो. पहाटे सोपानची बोकडं बघितली, तर अंगात ताप, तोंडात फोड. सगळी बाजूला बांधायला लावली. सोपान भिंतीला टेकून बसला, एक शब्द बोलला नाही.

मग बबनची तपासली. ताप नाही, तोंड स्वच्छ. मी परवानगी दिली आणि मनातून वाईट वाटलं, कारण आज सगळं गाव बबनच्याच दारात जाणार होतं. बबनने पहिला बोकड ओट्याकडे नेला आणि तसाच उभा राहिला.

"सायेब, थांबा. आमी दोघांनी मिरजगावच्या एकाच टेम्पोतून माल उतरवलाय."

एका टेम्पोतली म्हणजे लागण झालेली असू शकते, हीसुद्धा संशयित. त्याचीही सगळी बाजूला बांधली. ऐन आखाडात दोन्ही दुकानं बंद.

मग मला सोपानचा राग आला. बबनच्या दुकानातल्या माशीचीसुद्धा तक्रार करणारा हा माणूस आजच गप्प कसा?

"सोपानराव, टेम्पोचं तुम्हाला माहीत होतं ना?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

बबनकडे न बघता सोपान म्हणाला, "सायेब, आज आखाडाचा शेवटचा रविवार हाय."