काचेतलं घुबड

आमचा दादा पासपोर्ट फोटोवाला. दुकान अगदी मोक्याच्या कोपऱ्यावर, पण आत खुर्ची एकच आणि तिचाही एक पाय डुगडुगता. गल्ल्यावर मी बसते. गिऱ्हाइकांशी भांडायचं कामही माझ्याकडेच, कारण दादाला आवाज चढवता येत नाही. फोटो कॉम्प्युटरवर आला की त्याचा हात आपोआप चालायचा. मुरूम, व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं साफ. कुणी सांगायचीही गरज नसे.

त्याला वेड एकच, घुबडांचं. बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीत पांढऱ्या घुबडांची जोडी होती, आत पिल्लं. दिवेलागणीला, उजेड जेमतेम उरला की नर शिकारीला निघायचा. तेवढ्यासाठी दादा दुकान माझ्या अंगावर टाकून पळायचा. घुबडाच्या पंखांचा आवाज होत नाही, त्यामुळे ते आलं हे कळेपर्यंत गेलेलं असतं. फोटो सगळे हललेले, धुरकट. मी विचारायचे, आज काय, कापूस उडाला का? तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

शेवटी एकदा साधलं. पंख पूर्ण पसरलेले, डोळे थेट आपल्याकडे. खोटं कशाला बोलू, मीही गल्ला सोडून बघायला उठले. दादा जेवण सोडून फोटो साफ करत बसला. मागची विजेची तार गेली, अंधारामुळे आलेले ठिपके गेले, पायाखालची एक बारीक करडी रेघ गेली. मोठी प्रिंट काढून दर्शनी काचेत लावली. येणारा-जाणारा थांबून बघायचा. दादा ताठ मानेने चालायला लागला होता, आणि मला त्याचं फार बरं वाटत होतं.

आठवडाभराने गिरणीचा वॉचमन आला. घुबड झाडाला उलटं लटकलंय म्हणाला. पायात नायलॉनचा दोरा होता आणि तो फांदीत गुंतला होता. आम्ही पोचलो तेव्हा ते थंडगार पडलं होतं. पंख मात्र तसेच, पसरलेले.

दुकानात परतल्यावर दादाने मूळ फोटो उघडला आणि मोठा करत करत पायापर्यंत गेला. ती रेघ दोराच होती, पायाला करकचून आवळलेली. जखमी पक्षी सोडवणारी माणसं गावात आहेत. वेळेवर एक फोन गेला असता, तर त्यांनी त्याला पकडून दोरा कापला असता. मी म्हटलं, अरे, तुला काय माहीत?

"दिसला होता गं. दिसला म्हणून तर पुसला."

मी शटर ओढून घेतलं आणि तिथेच रडत बसले.

मादी एकटीच फेऱ्या मारत राहिली. पिल्लांतलं एकच उडालं. दादा रोज जायचा, पण कॅमेरा न घेता. दुर्बिणीतून आधी पाय बघायचा.

काचेत आता मूळ फोटो आहे, तारेसकट, दोऱ्यासकट. परवा एक काका फोटो काढायला आले. म्हणाले, "एवढा छान फोटो, तेवढा दोरा पुसून टाका की."

"पुसला होता," दादा म्हणाला. "म्हणूनच ते मेलं."

मग त्याने काकांना खुर्चीत सरळ बसवलं, त्यांच्या गालावरच्या काळ्या डागाकडे नीट बघितलं, आणि हा कधीपासून आहे, डॉक्टरांना दाखवलात का, असं विचारलं.