खापर डब्यावर फुटलं

आमच्या पुण्याच्या ऑफिसात त्याला कोणी धड नावानं हाक मारली नाही. सगळे डबाच म्हणायचे. डब्यावर चालेल का, डब्याचं काय करायचं, डब्यानं पुन्हा मान टाकली. आणि म्हणताना नाक असं मुरडायचं, जणू पंगतीत कोणी शिळं वरण आणून वाढलंय.

डबा म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, कन्सोल. बनवणाऱ्या कंपनीनं एकाच वेळी दोन काढले. एक महागडा आणि दांडगा, दुसरा स्वस्त आणि अशक्त. डोकं दोघांचं जवळपास सारखं, पण छोट्याला मेमरी कमी. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं तर मोठ्याला ऐसपैस ओटा, आणि छोट्याला शेगडी आणि पोळपाट मावेल एवढीच जागा. त्यात कंपनीचा नियम असा की गेम दोन्हीवर आला पाहिजे आणि मोठ्यावर जे खेळता येतं ते छोट्यावरही खेळता आलं पाहिजे. चित्र जरा मळकट दिसलं तर चालेल, खेळातलं काही गाळायचं नाही.

मी काही त्या डब्याची वकील नाही. गेम बनवणं हाच माझा धंदा आहे आणि आमच्या गेमला त्या डब्यात बसवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं होतं. का, तर मी लॉकडाऊनमध्ये पुण्याहून वर्ध्याला घरी आले ती परत गेलेच नाही. जो समोर बसत नाही त्याच्या गळ्यात नकोसं काम बांधायला सोपं जातं. त्या डब्याला मी जेवढ्या शिव्या दिल्या असतील तेवढ्या शेजारच्या भांडकुदळ काकूंनाही दिल्या नाहीत. तो अडवतो का? अडवतो. मनात येईल ते त्याच्यावर करता येत नाही. पण कोणी काय केलं आणि नाव कोणाचं झालं, हा हिशेब मला माहीत आहे, आणि आजही तो आठवला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचा गेम आठवडी बाजाराचा होता. एक दुकान मांडायचं, माल आणायचा, गिऱ्हाईक सांभाळायचं. त्यात दुसरा माणूस कधीही येऊन बसू शकायचा. त्याच टीव्हीवर, त्याच सोफ्यावर, दुसरा रिमोट हातात घेऊन. पडद्याचे दोन भाग व्हायचे, एकीनं माल आणायचा आणि दुसरीनं विकायचा. हा दोघींचा खेळ माझा होता. पहिल्या ओळीपासून मी लिहिलेला. आणि तो लिहिला माझ्या ताईसाठी.

ताई सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स आहे. आम्ही दोघीच राहतो. ड्युटीवरून आली की ती बोलत नाही. काय झालं विचारलं तर काही नाई म्हणते, जेवते, भिंतीकडे तोंड करून झोपते. तिनं वॉर्डात काय पाहिलं ते तिचं तिला माहीत. तिला बोलतं करायचा एकच रस्ता मला सापडला होता, तो म्हणजे शेजारी बसून खेळणं. हातात काही चालू असलं आणि डोळे समोर असले की ती आपोआप सांगू लागते. कोण म्हातारी आज घरी गेली, कोणाचा मुलगा आलाच नाही. म्हणून तिनं स्वतःच्या पैशानं कन्सोल घेतला. अर्थात स्वस्तातला, डबाच. ऑफिसचा एक डबा माझ्याकडे होताच कामासाठी, आमचा अर्धवट गेम फक्त त्याच्यावरच चालायचा, आणि तयार नसलेला गेम बाहेरच्या कोणाला दाखवायचा नसतो हा नियम मी रोज मोडत होते. अर्धवट बाजारात आम्ही दोघी बसायचो. ती अद्रक विकायची आणि गिऱ्हाइकाशी भांडायची, खऱ्याखुऱ्या तोंडानं. माझ्या गेममध्ये नवं काय आलं याची तिला माझ्यापेक्षा जास्त घाई असायची.

आता आमच्या कंपनीच्या कामाची रीत ऐका. दर शुक्रवारी सगळ्यांना गेम दाखवायचा. कशावर? मोठ्यावर. प्रत्येकाच्या टेबलावर मशीन कोणतं? त्याहून मोठं. डबा कुठं? जेवणाच्या खोलीत, टीव्हीखाली, क्रिकेटचा गेम खेळायला. मी दर शुक्रवारी कंठशोष करायची की एकदा तरी डब्यावर बघा, आतापासून बघा. तर आमचे सर म्हणायचे, आधी मनासारखं होऊ दे, डब्यासाठी शेवटी कापू. शेवटी कापू हे त्यांचं पेटंट वाक्य होतं. दीड-दोन वर्षं सगळे मनासारखं करत राहिले.

मग ती वेळ आली. पूर्ण भरलेला बाजार डब्यावर लावला आणि तो रडायला लागला. एकटी खेळत असले तरी अडखळायचा, दोघी बसलो की दोन पावलं चालून बंद पडायचा. सरांनी मीटिंग घेतली. त्यांनी फार विचार केला असं मला वाटलं नाही. म्हणाले, दोघांचा खेळ काढून टाकू. छोट्यावर चालत नाही आणि नियमानं फक्त मोठ्यावर ठेवता येत नाही, म्हणून दोन्हीकडून काढू. मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबा. त्यांनी हो म्हटलं. त्या होकाराला काही अर्थ होता असं मला तेव्हा वाटलं.

बाजाराची चित्रं करणारा आमचा आर्टिस्ट आमच्याच जिल्ह्यातला, कारंजा घाडग्याचा. तोही घरूनच काम करायचा. त्याच्या घरी संत्र्याचा बगीचा, बाप-काका व्यापारी. मी फोन केला तर मोटरसायकल काढून थेट वर्ध्याला आला, सोबत पिशवीभर संत्री घेऊन. आम्ही बाजार उलगडायला बसलो. एकेक दुकान काढायचं, मशीन किती हलकं होतं ते बघायचं, परत ठेवायचं. कापडवाला काढला, फार फरक नाही. भांडेवाली काढली, तसंच. संत्रीवाली काढली आणि मशीन असं सुटलं की मी खुर्चीतून उठले.

संत्रीवालीच्या टोपल्या उघडल्या. वरती मोठी, चकचकीत संत्री. आणि खाली, टोपलीच्या बुडापर्यंत, बारकी, हिरवट, डागाळलेली संत्री. एकेक वेगळं, एकेक गोल, देठासकट. कोणाला कधीही दिसणार नाहीत अशी. मी त्याच्याकडे पाहिलं.

"वरती मोठी लावतेत, खाली बारकी. टोपली अशीच भरतेत ना आमच्याकडं," तो म्हणाला. "रिकामी टोपली कशी करू मी?"

मला हसू आवरेना आणि रडूही येत होतं. हा बाबा लहानपणापासून टोपल्या भरताना पाहत आला, त्याच्या हाताला पोकळ टोपली येईचना. बरं, त्याची टोपली सगळ्यांना इतकी आवडली की पुण्याच्या पोरांनी तीच उचलून टोपली लागेल त्या प्रत्येक दुकानात ठेवली होती, फक्त वरचा माल बदलून. कांद्याखाली संत्री, टमाट्याखाली संत्री, अगदी बांगड्यांच्या टोपलीतही तळाशी बारकी हिरवी संत्री. सगळा बाजार आतून संत्र्यांनी भरलेला. दांडगं मशीन ते सगळं मुकाट गिळत होतं, म्हणून दोन वर्षं कोणाला पत्ता नाही. बोंब मारली ती एकट्या डब्यानं.

मग तो स्वतःच्याच हातानं एकेक टोपली पोकळ करू लागला. आपल्या हातचं असं फेकायला सोपं नसतं, आणि मी त्याला घाई केली नाही. शेवटी बाजार पुन्हा डब्यावर लावला. एकटीनं चालवला, चालला. दुसरा रिमोट जोडला, पडद्याचे दोन भाग झाले, दोन्हीकडे माणसं चालत होती, बैल शेपटी हलवत होता, आणि अडखळणं नाही.

ताई ड्युटीवरून आली तेव्हा तो अजून बसलेलाच होता. तिनं चप्पल काढली आणि सरळ रिमोट घेतला. अद्रकवाली झाली, भांडली, हसली. खेळता खेळताच सांगितलं की आज वॉर्डात एक बाई गेली, आणि तिचा नवरा अर्धा तास बाहेर साबुदाणा खात बसला होता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मग शेवटी हिनं सांगितलं. असं ती मला भिंतीकडे तोंड करून कधीच सांगू शकली नसती.

शुक्रवारी मी डब्यावरच दाखवलं. भरलेला बाजार, दोघींचा खेळ, सगळं. आमच्याकडे कौतुक करायची फार पद्धत नाही, तरी दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. सरही छान म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले की निर्णय मात्र बदलता येणार नाही.

मी विचारलं, का? तर कारण असं निघालं. सरांनी मंगळवारीच एका गेमवाल्या चॅनलला मुलाखत देऊन टाकली होती. आम्हाला दोघांचा खेळ द्यायचाच होता, पण स्वस्त कन्सोलनं हात बांधले, तो अख्ख्या धंद्याला मागे ओढतोय, असं सगळं. ती मुलाखत खूप चालली होती. आता आठवड्यात आपणच म्हटलं की चालतंय, तर आपण खोटे पडू. शिवाय दोघांचा खेळ तपासायला माणसं लागतात, ती वाचतील. आणि जी मेमरी मोकळी झाली, तिच्यात मोठ्या मशीनसाठी पावसाळी रस्त्यावरचं चमकतं प्रतिबिंब घालता येईल. जाहिरातीत फार छान दिसतं म्हणे.

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. वर्ध्याचं होतं, चांगलं मुरलेलं. आम्ही दोन वर्षं एकदाही त्या मशीनकडे ढुंकून पाहिलं नाही, टोपल्यांत कचरा भरला, आणि तो आता निघाला तरी तुम्ही बोट त्या डब्याकडेच दाखवता, एवढं तरी त्यांनी ऐकलं असावं. मग त्यांनी माझा माईक बंद केला. खरंच बंद केला, त्यांच्याकडून. मी हातवारे करत बोलत राहिले आणि पुण्यात बसलेले सगळे माझं तोंड हलताना बघत राहिले. शनिवारी माझ्या नावानं काम आलं: दोघींचा खेळ काढून टाकणे.

काढला. नोकरी आहे, घर आहे.

ताईला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं नाही, माझी जीभ रेटेना. तिच्या ड्युट्या लागोपाठ होत्या, तेवढं निमित्त मला पुरलं. पण ती मुलाखत फिरत होतीच. खालच्या कॉमेंट मी वाचल्या होत्या. भिकाऱ्यांनी डबे घेतले म्हणून आम्ही भोगायचं. स्वस्तातलं घेणाऱ्यांनी लूडो खेळावा. गेम बनवणाऱ्या बिचाऱ्यांची मेहनत पाण्यात घातली या लोकांनी. सरांना मात्र एकानंही मेला एक प्रश्न विचारला नाही. एकेक वाचताना मला वाटायचं, प्रत्येकाला टोपली उपडी करून दाखवावी. पण तोंड उघडायचं नाही अशा कागदावर नोकरीला लागतानाच सही करून घेतलेली असते.

पुढच्या रविवारी ताई बाहेरून आली ती फार खुशीत. येताना तर्री पोहे आणले होते. मी टीव्ही लावायला गेले तर खाली तिचा कन्सोल नव्हता. वायरी तेवढ्या लोंबत होत्या. मी विचारलं कुठं आहे.

"देऊन टाकला," ती म्हणाली. "आमच्या वॉर्डातल्या बाईले देला. तिच्या घरी चालते."

मी म्हटलं, काऊन? तिनं पोहे ताटलीत काढता काढता सांगितलं. आमच्या सरांची मुलाखत तिला कोणीतरी फोनवर पाठवली होती. तिनं पूर्ण ऐकली, खालचं सगळं वाचलं. त्यात लोक म्हणत होते की असे डबे घेणाऱ्यांमुळेच गेमवाल्यांचं काम अडतं. माझं नाव त्यात नव्हतं, पण तिला माहीत होतं ना की ते काम कोणाचं. तिनं दुकानात जाऊन मोठा कन्सोल सांगितला होता. हप्त्यावर. उद्या येणार होता.

"मले कुठं माहीत होतं व," ती म्हणाली. "घेताना स्वस्त पाह्यला न् घेतला. तुह्यं काम माह्याचमुळं अडून राह्यलं होतं, तू बोलली बी नाई. आता नाई अडत. उद्या आला का दोघी बसू."

तिनं ताटली माझ्या हातात दिली. मी कोणावर ओरडणार होते? समोर तर ही होती.

मी सांगितलं. टोपल्यांचं, मुलाखतीचं, माईकचं, शनिवारचं, सगळं. कागदावरच्या सहीसकट. ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं.

"म्हणजे मोठ्यातबी नाई?"

"नाई," मी म्हटलं. "मोठ्यातबी नाई."

तिनं टीव्हीखालच्या त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग उठली, हात धुतले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.