नऊ नंबरसमोरची बरोबरची खूण

आमच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर टिकत नसे. पिरंगुटच्या पुढं, उरवड्याच्या वाटेवर आमचं प्रेस शॉप. चौदा प्रेस, तीन पाळ्या आणि दिवसभर कानठळ्या. नवा ऑफिसर महिनाभर हेल्मेट घालून हिंडायचा आणि हिंजवडीकडं बरी जागा मिळाली की पळायचा. म्हणून फिलोमिना तोरणे नावाची बाई आली तेव्हा स्टोअरच्या खिडकीतून मी तिला पाहिलं आणि मनाशी म्हटलं, फार तर दिवाळीपर्यंत. ती चार वर्षं राहिली.

मी नरहरी, इथला स्टोअरकीपर. मुठा गावचा, घरची जमीन असलेला. गावचा माणूस म्हणून कारखान्यात मला सहसा कुणी दुखवत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, पुढं लागणार आहे.

फिलोमिना मॅडम श्रीरामपूरकडच्या. हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, यात्रेला एक सुट्टी मागायच्या, बाकी वर्षभर कुरकुर नाही. अंगानं काडी, पण आवाज असा की चालू प्रेसवरून ऐकू यावा. गेल्या वर्षी त्यांनी पुण्यात एक फेलोशिप धरली. नोकरी करणाऱ्या माणसांसाठी, दर शनिवारी संध्याकाळी, लष्कर भागातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये. कॅथलिक चर्चची सामाजिक शिकवण शिकायची, म्हणजे कामाची प्रतिष्ठा, कामगाराचा हक्क, सगळ्यात दुबळा असेल त्याचा विचार आधी, असलं सगळं. मोठ्या साहेबांनी अर्जावरचे 'फेलोशिप' आणि 'प्रोफेशनल्स' एवढे दोन शब्द वाचले, मॅनेजमेंटचा कोर्स समजले आणि शनिवारी दोन तास लवकर सुटायची परवानगी देऊन टाकली.

"मॅडम, कामाला मान आसतो ह्ये शिकायला वरीसभर पुन्याला जायचं?" मी चिडवायचो. "हितं चौदा मास्तर बसवल्यात की."

"इथं शिकले असते तर गेले असते का, नरहरीभाऊ?" त्या म्हणायच्या.

तिथली रीत त्यांनी मला एकदा सांगितली होती. गटात बारा जण. एक नर्स, एक बँकवाले, एक वकीलबाई, दोघं आयटीतले, असे. दर शनिवारी एकानं उठून आपण कामावर केलेली एक अशी गोष्ट सांगायची, जिचा भार दुसऱ्या कुणावर पडला. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, धीरही द्यायचा नाही. प्रत्येकानं एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. मी म्हटलं, पोलीस चौकीत याहून बरं वागवतात. त्या खळखळून हसल्या. ते हसणं मला पुढं फार आठवलं.

मग तो बुधवार आला आणि भैरू मरगळेचा हात प्रेसमध्ये गेला.

प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले की आत कुठून जातील? पण त्यानं कामाला वेळ लागतो. म्हणून एक बटण रबराच्या पट्टीनं कायमचं दाबून बांधायचं, आणि मोकळ्या हातानं पत्रा सरकवत राहायचं. हे सुपरवायझर सांगायचा, सगळे करायचे. पट्ट्या माझ्या स्टोअरमधून जायच्या. ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या, मी स्वतः कात्रीनं कापलेल्या. कशाला हव्यात हे मी कधी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

आणि रोज सकाळी आठला एक तक्ता भरायचा असतो. कुठला प्रेस, बटणं मोकळी आहेत का, असतील तर बरोबरची खूण. हे काम मॅडमचं. सुरुवातीला त्या एकेका प्रेसपाशी जाऊन खूण करायच्या. पुढं आठ वाजताच साहेबांची मीटिंग लागू लागली, आणि तक्ता खुर्चीत बसून भरला जाऊ लागला. एका दमात चौदा खुणा. मी खिडकीतून पाहायचो आणि मनात म्हणायचो, बाई शेवटी आमच्यातलीच झाली.

बुधवारी सव्वानऊला नऊ नंबरवर भैरूची उजव्या हाताची दोन बोटं गेली. तो मुठ्याच्या वरच्या धनगरवाड्यातला, चाळिशीचा, ठेकेदाराकडून आलेला. मशीन पुसायच्या सुतानं हात गुंडाळून मीच त्याला गाडीत बसवला. तो ओरडत नव्हता. "पट्टी काडा आदी," एवढंच दोनदा म्हणाला, "दुसऱ्याचा हात जाईल."

गुरुवारी साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तक्ता. "आठ वाजता नऊ नंबरचं बटण मोकळं होतं. सव्वानऊला बांधलेलं सापडलं. म्हणजे मधल्या वेळात भैरूनंच बांधलं." तक्ता अगदी स्वच्छ होता. मॅडम त्या खुणेकडं पाहत बसल्या होत्या, पापणी न लववता. साहेबांनी जबाब टाइप करून ठेवला होता. 'बटण मी माझ्या मर्जीने बांधले.' सही झाली की भैरूला निष्काळजीपणाबद्दल काढायचं आणि सोमवारी सरकारी इन्स्पेक्टर आला की कागद पुढं करायचा.

"नरहरी, तुमच्याच खोऱ्यातला ना तो? रविवारी जाऊन सही घेऊन या. पेन धरता येणार नाही त्याला, अंगठा चालेल."

मी स्टॅम्प पॅड पिशवीत टाकलं. वाटलं, आपण भले नि आपलं काम भलं.

रविवारी सकाळी मॅडमचा फोन. "मीपण येते." पिरंगुटच्या चौकातून त्या माझ्या गाडीवर मागं बसल्या. घाट लागल्यावर म्हणाल्या, "काल हॉलमध्ये उठून सांगायची माझी पाळी होती. तक्त्याचं सांगितलं. अपघात झाला, माझी खूण होती, एवढंच. पुढचं, त्या जबाबाचं, सांगितलं नाही. नर्सनं पहिलाच प्रश्न विचारला, खूण करताना तू कुठं होतीस?"

"मंग?"

"उत्तर द्यायचं नसतं तिथं, फक्त ऐकायचं असतं. बाकीचे दहा प्रश्न मला ऐकूच आले नाहीत."

"मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हटलं. मला त्यांची काळजी होती असं मला तेव्हा वाटत होतं. खरं तर मला माझी होती.

रस्ता संपला तिथं गाडी लावून आम्ही चढ चढलो. समोरच्या डोंगरावर लवासाच्या अर्ध्या राहिलेल्या इमारती दिसत होत्या. भैरू ओसरीत बसला होता, हाताला मोठं बँडेज. त्याची बायको सारजाबाई हिनं कोरा चहा दिला. मी कागद वाचून दाखवला.

मॅडमनी विचारलं, "भैरू, त्या सकाळी तुम्ही आलात तेव्हा बटण बांधलेलं होतं की मोकळं?"

"ध्यानात न्हाई बगा. रोजच बांदल्यालं आसतंय." तो जरा थांबला. "पन तुमी सकाळी बगून खून केली म्हनं. मंग मोकळंच आसंल. हाताला सवय लागली, मीच बांदलं आसंल."

"मी त्या दिवशी बघितलंच नव्हतं, भैरू."

भैरू हसला. "मला वाचवाया म्हनताय तुमी."

"म्याडम कशापायी खोटं लिवतील?" सारजाबाई म्हणाली. "द्या त्यो आंगटा आन् सुटा."

त्यानं डावा अंगठा पुढं केला. मी पॅड उघडलं. शाई लागली, अंगठा कागदावर टेकणार, तेवढ्यात मॅडमनी त्याचं मनगट धरलं. कागद ओढून घेतला, चार घड्या करून पर्समध्ये टाकला आणि सारजाबाईला म्हणाल्या, "ह्यांचा अंगठा कुणी मागायला आलं तर देऊ नका. मी आले तरी देऊ नका."

उतरताना मी भडकलो. "साहेबाला काय सांगू आता? तुमची नोकरी जाईल, लायसन जाईल. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"रबर तुमच्याकडून जातं, नरहरीभाऊ."

मी गाडीची किल्ली शोधत राहिलो. ती हातातच होती.

"ते मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "माझं मी सांगते. तुमचं तुमच्यापाशी."

इतका राग मला बायकोचासुद्धा कधी आला नव्हता.

सोमवारी इन्स्पेक्टर आले. केबिनमध्ये साहेब, सुपरवायझर, मॅडम आणि दाराशी मी. अंगठा मिळाला नाही एवढंच मी साहेबांना सांगितलं होतं, म्हणून त्यांनी नुसता तक्ता पुढं सरकवला. मॅडम उभ्या राहिल्या. दोन्ही हात त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवले. "ही खूण खोटी आहे. मी नऊ नंबर पाहिला नव्हता. त्या दिवशी नाही, आणि त्याआधी दीड वर्षही नाही."

"मॅडमवर ताण आहे," साहेब झटकन म्हणाले. "सगळे प्रेस बघून घ्या, एकावरही पट्टी नाही."

नव्हतीच. रविवारी सुपरवायझरनं सगळ्या कापून टाकल्या होत्या. इन्स्पेक्टरांनी मॅडमकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "पट्टी बघू नका. बटणाच्या मानेवरचा रंग बघा."

आम्ही सगळे शॉपमध्ये गेलो. चौदापैकी नऊ प्रेसवर, उजव्या बटणाच्या मानेभोवती, बोटभर रुंद वळं. पिवळा रंग पार झिजून खालचं लोखंड उघडं पडलेलं. इन्स्पेक्टरांनी त्यावरून नख फिरवलं. "हे काही एका सकाळचं नाही," ते म्हणाले. मग वळून विचारलं, "रबर कुठून येतं?"

सुपरवायझरनं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात भर दुपार झाली होती. एका मॅडमनीच माझ्याकडं पाहिलं नाही. त्या प्रेसकडं तोंड करून उभ्या राहिल्या. साहेब म्हणाले, "भंगारात पडलेलं असतं, उचलतात." इन्स्पेक्टरांनी लिहून घेतलं. मी वाचलो, आणि त्या क्षणी मला माझीच किळस आली.

भैरूवरचा ठपका गेला, नोकरी राहिली. मॅडमना पंधरा दिवसांत जायला सांगितलं. खोटा तक्ता भरल्याबद्दल. कारण खरंच होतं, म्हणून त्या भांडल्या नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी चौदाही प्रेसपाशी उभं राहून, एकेक बटण दाबून तक्ता भरला. त्याला पाऊण तास लागला.

दोन महिन्यांनी भैरू परत आला. प्रेसवर नको म्हणून त्याला माझ्या हाताखाली स्टोअरमध्ये दिला. तीन बोटांनी नट-बोल्ट निवडायला लागला. त्याच सकाळी सुपरवायझर खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, "आता सगळं निवळलंय, नरहरीभाऊ. दहा पट्ट्या कापून ठेवा."

तो गेला. मी कात्री हातात घेऊन बसलो. भैरू खाली मान घालून म्हणाला, "म्याडम द्येवमानूस. माझ्यापायी खोटं बोलल्या आन् नोकरी घालीवली."

मी गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. तो तेच खरं धरून मेला असता.

"खोटं न्हाई बोलल्या," मी म्हटलं. "खोटी ती खून हुती. आन् तुज्या प्रेसची पट्टी मी कापली हुती, भैरू. ह्याच कात्रीनं."

त्याचा हात थांबला. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"म्याडमला ठावं हुतं?"

"व्हय."

"सायबाला सांगितलं? त्या सरकारी मानसाला?"

"न्हाई."

त्यानं हातातला बोल्ट डब्यात टाकला. "मंग कवा सांगनार?"

मी कात्री त्याच्यापुढं ठेवली, खिडकीचं शटर ओढलं आणि केबिनकडं निघालो. वाटेत नऊ नंबर लागतो. त्यावर दुसराच कुणीतरी उभा होता, आणि त्याचे दोन्ही हात मी आधी बघून घेतले.