सिद्धेश्वरीनं माफी कशाची मागितली

साड्यांच्या दुकानात काम करणारी पोरगी पदवीनंतर पुढं शिकायला निघाली आणि विषय सांगितला ‘कला प्रशासन आणि सांस्कृतिक व्यवस्थापन’, तर तुमच्या तोंडून पहिला प्रश्न कुठला निघेल? खोटं बोलू नका. ‘त्यात नोकरी लागते का?’ हाच ना? आमच्या गल्लीत सतरा जणांनी हाच विचारला. अठरावी मी. तेव्हा आधी माझीच लाज काढून घेते, मग तुमच्याकडं वळते.

सिद्धेश्वरी माझ्या शेजारची. घरात कानडी, उंबऱ्याबाहेर मराठी. वडील शिवलिंगप्पा चिंचोळी एमआयडीसीत पाळीवर जातात. पोरगी बी.कॉम. झाली आणि इथंच सोलापुरात, नवी पेठेत दुकानात उभी राहिली. दिवसभर साड्या उलगडायच्या, घड्या घालायच्या. पण जीव तिथं नव्हता. गल्लीतली जयंती असू दे, शाळेचं संमेलन असू दे, ही स्टेजच्या मागं. पुढं कधीच आली नाही. गाणाऱ्याला प्यायला कोमट पाणी आहे का, बायकांना लुगडं बदलायला आडोसा केलाय का, पेटीवाला कुठं अडकलाय, हे तिला कुणी न सांगता कळायचं. एका साली नगरसेवकाचं भाषण संपेचना. हिनं भजनी मंडळाच्या बायकांना विंगेतून सरळ स्टेजवर सोडलं. टाळ सुरू झाले, भाषण बंद. साहेब हात जोडून खाली उतरले. काय करतील?

तर ती म्हणाली, मला हे रीतसर शिकायचंय. त्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर लसूण सोलत बसले होते.

शिवलिंगप्पांनी विचारलं, “एन माडती अव्वा? काय करणार? गाणं शिकणार?”

“नाही अप्पा.”

“नाच?”

“नाही.”

“मग कलेचं काय शिकणार?”

“दुसऱ्यांना नीट गाऊ द्यायला शिकणार.”

“त्याला कॉलेज लागतंय? गप्प बसलं की झालं की!”

मी हसले. सिद्धी नाही हसली. म्हणाली, “अप्पा, गप्प बसायला नाही लागत. गप्प बसवायला लागतंय. ज्यांच्या हातात हॉलच्या किल्ल्या असतात, त्यांना.”

शिवलिंगप्पा म्हणाले, “बरं. भर अर्ज.”

शहरातल्याच एका संस्थेत प्रवेश मिळाला. दोन वर्षं सकाळी दुकान, दुपारनंतर वर्ग. प्रेक्षक कसा जोडायचा, कलाकाराशी करार कसा करायचा, सगळं शिकली. घरी येऊन मला समजावून सांगायची. मी नववीतनं शाळा सोडलेली बाई, मोर्चातनं शिकलेली. पण खरं सांगते, त्या पुस्तकांतलं निम्मं मला आधीच ठाऊक होतं, फक्त त्याला एवढी छान नावं असतात हे ठाऊक नव्हतं.

शेवटच्या सत्रात प्रत्यक्ष प्रकल्प होता. विद्यार्थ्यानं एक पूर्ण कार्यक्रम स्वतः उभा करायचा, बाहेरगावचे परीक्षक समोर बसून गुण देणार. यात पास झालं तरच पदवी. दोन अटी होत्या: मंजूर झालेली जागा, मंजूर झालेली वेळ. कुणी सुगम संगीत घेतलं, कुणी चित्रांचं प्रदर्शन. सिद्धीनं घेतली हलगी.

करकंब गावचा रामहरी आणि त्याचे चार साथीदार. हलगी, साथीला घुमक्याचा ढोल आणि कैताळाच्या झांजा. रामहरी साठीच्या पुढचा. हलगी कुणाच्या हातात राहिली आणि कुणाच्या दारात वाजली, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. वरातीत सगळ्यांना पाहिजे, वाजवून झालं की पत्रावळ लांब मांडायची. त्या माणसाला एसी हॉलमध्ये, मखमली पडद्यापुढं, लोकांनी खुर्चीत बसून ऐकायचं, ही सिद्धीची जिद्द. करकंबला तीन वेळा गेली. रामहरी म्हणाला, “पोरी, बसून ऐकत्यात व्हय हलगी? मंग नाचायचं कुनी?”

“आत ऐकायचं, तात्या. नाचायचं बाहेर आल्यावर.”

चौदा पानांचं नियोजन केलं तिनं. कोण कधी येणार, चहा कधी, माइक कधी तपासायचा, सगळं मिनिटामिनिटाचं. हॉलचा अर्जही तिनंच भरला. त्यात एक चौकट होती: ‘उघड्या ज्योतीचा वापर आहे काय?’ सिद्धीनं लिहिलं, ‘नाही’.

इथं तिची चूक झाली, आणि मी ती झाकणार नाही. हलगीचं कातडं गार पडलं की सैल होतं, आवाज बसतो. वाजवायच्या आधी ती जाळावर शेकावीच लागते. सोलापूर जिल्ह्यात वाढलेल्या पोरीला हे ठाऊक नाही? जन्मापासून बघितलंय तिनं. बघितलंय म्हणूनच सुचलं नाही. तिच्या लेखी तो जाळ म्हणजे हलगीच. तो वेगळा लिहायचा असतो, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. कापूर, समई, निरांजन, काही लावणार नव्हती, म्हणून ‘नाही’.

कार्यक्रम श्रावणातल्या एका शनिवारी, सहा वाजता. हवा दमट. त्यात हॉलमध्ये एसी. पाच वाजता रामहरीनं हॉलच्या मागं, मोकळ्या फरशीवर घमेलं ठेवलं, करकंबहून आणलेलं उसाचं पाचट टाकलं आणि काडी ओढली. वॉचमन ओरडत आला, त्याच्यामागं हॉलचे व्यवस्थापक. आले ते बादली घेऊनच. पाणी ओतलं. घमेल्यातली राख रामहरीच्या धुवट पांढऱ्या धोतरावर उडाली.

मी गेटवर होते, धावत गेले. माझ्या तोंडून जे निघालं ते इथं छापता येणार नाही. रामहरीनं मात्र हलगी पिशवीत घातली आणि पिशवीचा बंद आवळला.

सिद्धी आली. व्यवस्थापकांनी तिच्यापुढं अर्ज धरला. “वाचा. सही तुमचीच ना?”

“माझीच. चुकलं माझं. आता दुरुस्त करून देते. इथं छत नाही, बाजूला नळ आहे. वाळूच्या दोन बादल्या ठेवते, दोन माणसं उभी करते. दहा मिनिटं द्या.”

“आता काही दुरुस्त होणार नाही. हवं तर माइकचा आवाज वाढवून देतो. नाहीतर आमच्याकडं कातड्याऐवजी प्लॅस्टिकचं पान लावलेली हलगी आहे, ती वाजवा. ती शेकावी लागत नाही.”

तेव्हा रामहरी पहिल्यांदा बोलला. “सायेब, माइक काय करंल? हलगी गार हाय, येवढंच लई मोठ्यानं सांगंल.”

तेवढ्यात सिद्धीच्या विभागाचे महेश्वर सर घाम पुसत आले. माणूस वाईट नाही. याच शहरातला, गरिबीतनं वर आलेला. पण वर आलेल्या माणसाला घसरायची भीती जास्त. सिद्धीला बाजूला घेऊन म्हणाले, “परीक्षक बाई पहिल्या रांगेत बसल्यात. प्लॅस्टिक तर प्लॅस्टिक, उरकून टाक. पदवी घे, मग पेटव कुठं पेटवायचं ते.”

“सर, पहिल्या सत्रातला पहिला धडा कुठला होता?”

“सिद्धेश्वरी, ही वेळ आहे का?”

“‘कलाकार केंद्रस्थानी.’ तुम्हीच शिकवला होता.”

“अगं, ते पेपरात लिहायला असतं!”

बोलून गेले आणि स्वतःच खाली बघायला लागले.

सिद्धीनं रामहरीकडं बघितलं. तो पिशवी खांद्याला लावून उभा होता, साथीदार स्टँडकडं निघायच्या तयारीत. तिच्यापुढं दोनच रस्ते होते. गार हलगी स्टेजवर ढकलून दोन वर्षांची पदवी घरी न्यायची, नाहीतर पदवी सोडायची. मध्ये पायवाटसुद्धा नव्हती. मला वाटलं, पोरगी रडणार. ती रस्ता ओलांडून पलीकडं गेली.

पलीकडं गुरुबसप्पांचं भांड्यांचं गोदाम, पुढं मोठं अंगण. गुरुबसप्पा गेटात खुर्ची टाकून सुपारी कातरत बसले होते. सिद्धीनं दोन वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले, “कर की. पण माझ्या टेम्पोला झळ लागली तर तुझ्या अप्पाला सांगीन बघ.” आणि स्वतः उठून टेम्पो बाहेर काढला. वाळू, पाणी, सगळं तिथंच होतं.

सहाला पाच कमी असताना सिद्धी स्टेजवर चढली. आयुष्यात पहिल्यांदा पुढं आली. दीडशे माणसं समोर. “नमस्कार. हलगी शेकल्याशिवाय वाजत नाही आणि या हॉलमध्ये शेकता येत नाही. अर्जात ते लिहायला मी विसरले. पण माझ्या विसरण्याची शिक्षा रामहरीतात्यांना होणार नाही. कार्यक्रम समोरच्या अंगणात आहे. खुर्च्या नाहीत. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी गोदामातली बाकडी आहेत. चला.”

मग मागच्या रांगेतनं शिवलिंगप्पा उठले. इस्त्रीचा सदरा घालून आले होते. मोठ्यानं म्हणाले, “चला चला, एसीत सर्दी होतीया!” लोक हसले आणि उठले.

अंगणात जाळ झाला. सिद्धीनं लोकांना त्याच्याभोवतीच बसवलं. म्हणाली, हाच कार्यक्रमाचा पहिला भाग. रामहरी हलगी जाळावर फिरवायचा, बोटानं टिचकी मारायचा, कानाला लावायचा, पुन्हा फिरवायचा. पहिली टिचकी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. पाचवी थोडी बरी. दहावी अशी लागली की बाकड्यावरच्या म्हाताऱ्या ताठ बसल्या. दीडशे माणसं एका कातड्याला ताण चढताना ऐकत होती. मग रामहरीनं उजव्या हातात जाडसर टिपरू घेतलं, डाव्यात बारीक काडी, आणि पुढचा सव्वा तास मी काय सांगू? भांड्यांच्या गोदामातली पातेली आतनं गुणगुणत होती.

परीक्षक बाई गेटपर्यंत आल्या. आत आल्या नाहीत. शेवटपर्यंत उभ्या राहिल्या, वही छातीशी धरून.

तीन आठवड्यांनी निकाल आला. अनुत्तीर्ण. कारण: मंजूर जागा सोडली.

सिद्धी संस्थेत गेली, मला बरोबर नेलं. कार्यालयात एक कागद टाइप करून तयारच होता: जागा बदलल्याबद्दल दिलगीर आहे, पुन्हा असं करणार नाही, योग्य वाद्यांसह कार्यक्रम पुन्हा सादर करीन. खाली सहीची जागा. सही केली की पुढच्या महिन्यात पदवी. महेश्वर सर पेन पुढं करत होते.

सिद्धीनं पेन घेतलं, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: “अर्जातली चौकट मी चुकीची भरली. त्याबद्दल मी माफी मागते. रामहरी यांच्या कपड्यावर राख उडाली, त्याबद्दल त्यांची माफी मी करकंबला जाऊन मागितली आहे. जागा बदलल्याबद्दल माफी मागत नाही.” सही केली. तारीख घातली. पोच मागितली.

आगीचे नियम वाईट, असं आम्ही म्हणत नाही. बंद खोलीत जाळ करू द्या, असं वेडं माणूसही म्हणणार नाही. पण त्या अर्जात पाहुण्यांच्या शाली किती, याला चौकट आहे. हार किती, याला आहे. साहेबांची गाडी कुठं लागणार, याला तर दोन आहेत. वाजवणाऱ्याला वाजवण्याआधी काय पाहिजे, याला एकही नाही. का नाही? कारण अर्ज तयार करणाऱ्यानं वाजवणाऱ्याला कधी विचारलंच नाही. मग अशा अर्जातनं पास झालेलं व्यवस्थापन कुणाचं, कलेचं की खुर्च्यांचं?

सिद्धीच्या त्या कागदावर संस्थेच्या समितीत चर्चा झाली म्हणे. परीक्षक बाईंनीही पत्र पाठवलं. त्यात काय होतं ते आम्हाला कळलं नाही, पण उत्तर बदललं. एका मंडळाच्या गरजेवरून नियम बदलता येत नाही, कलाकाराला कार्यक्रमाआधी तयारी लागते, ही गरज सर्वत्र असते असं विद्यार्थिनीनं दाखवून द्यावं, लेखी पुरावा डिसेंबरअखेर सादर करावा, मग फेरविचार होईल. महेश्वर सरांनी ते वाचून दाखवलं आणि हळूच म्हणाले, “माझ्याकडं पण एक नोंद आहे. आमचे वडील देवीच्या गाण्यांना एका तारेचं चौंडकं वाजवायचे. तार लावताना कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही.”

“लिहून द्या सर,” सिद्धी म्हणाली. “सहीनिशी.”

दिली त्यांनी. तो पहिला कागद. आज चाळीस झालेत. सुट्टीच्या दिवशी ती एसटीनं गावोगाव फिरते. पण एकटी पोरगी किती गावं फिरणार? दुकानातून सुट्टी आठवड्याला एकच.

म्हणून आता तुमच्याकडं वळते, सुरुवातीला म्हटलं होतं तसं. तिला नोकरी लागेल का, हे विचारू नका. उठा आणि तुमच्या गावातल्या गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला, सोंग काढणाऱ्या माणसाला गाठा. सुरुवात करण्याआधी त्याला काय लागतं आणि किती वेळ लागतो, एवढंच विचारा. तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. खाली त्याचं नाव, गाव आणि सही किंवा अंगठा घ्या. आणि तो कागद या अंकाच्या पत्त्यावर, सिद्धेश्वरीच्या नावानं, डिसेंबरच्या आधी पाठवा.