पलंगामागची ओल

पलंगामागच्या भिंतीला ओल धरली, तेव्हा चष्मेवाल्या काकांनी आधी वरच्या मजल्यावरच्या बाईंना धारेवर धरलं. काका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमीत बसवायचे. केसाएवढी चूक त्यांना खपत नसे. दुकानात हा गुण होता, शेजाऱ्यांना मात्र त्याचा जाच व्हायचा.

"तुमचं बाथरूम गळतंय," ते जिन्यातूनच म्हणाले.

"माझ्याकडे सगळं कोरडं ठणठणीत आहे. येऊन बघा," बाई म्हणाल्या.

काका काही वर गेले नाहीत. बघायचं कशाला, पाणी वरूनच खाली येतं! पुढच्या आठवड्यात बाई नळाची मुख्य चावी बंद करून बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना काकांचं दार ठोठावून तसं मुद्दाम सांगूनही गेल्या. त्या परत आल्या तोवर ओल उशीपर्यंत चढली होती. काका तोंडघशी पडले. घरात कुणाजवळ कुरकुरावं, तर ऐकायला कुणी नव्हतं.

पूर्वी ऐकायला आक्का असायची. आई-वडील गेल्यापासून ही दोघं भावंडं एकत्र राहत होती. दोघांचीही लग्नं झाली नव्हती आणि लोकांनी विचारायचंही सोडलं होतं. मागच्या हिवाळ्यात, केस पांढरेधोप झालेले असताना, आक्का जेवता जेवता म्हणाली, "मी लग्न करतेय." नवरामुलगा तिच्याच ऑफिसातून रिटायर झालेला, बायको वारलेली.

"या वयात?" काकांचा घास हातातच राहिला. "लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. आजवर लोकांनी काय जेवायला घातलंय?"

काका लग्नाला गेले आणि न जेवता परत आले. आल्या आल्या त्यांनी आक्काच्या खोलीला कडी घातली. त्यानंतर फोन आला की "बरं आहे" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

शेवटी त्यांनी प्लंबर बोलावला. हा पान्ह्यापेक्षा तोंड जास्त चालवणारा. भिंतीवर तळहात फिरवून तो म्हणाला, "काका, ही ओल खालून वर चढलीय. पलीकडे काय आहे?"

"बंद खोली."

"तिथे नळ आहे?"

"बेसिन आहे. पण तिथे कुणी राहत नाही."

"ते पाण्याला कोण सांगणार?"

काकांनी कडी काढली. कोंदट वास आला. बेसिनखालचं कपाट उघडलं, तर आत एक बादली काठोकाठ भरलेली. वरच्या जोडातून थेंब पडत होता आणि बादलीतून उतू जाणारं पाणी फरशीच्या फटीतून भिंतीखाली जिरत होतं.

"ही गळती आजकालची नाही," प्लंबर म्हणाला. "पितळेवर हिरवं चढलंय बघा. आणि थेंबाचा आवाज होऊ नये म्हणून बादलीत फडकंसुद्धा सोडलंय कुणीतरी."

काकांनी उभ्या उभ्याच आक्काला फोन लावला.

"आक्का, तुझं बेसिन गळत होतं?"

"अगं बाई, बादली! सांगायची राहूनच गेली रे."

"कधीपासून गळतंय?"

"झाली की बरीच वर्षं. तू उठायच्या आत बादली झाडांना घालून टाकायचे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतंस. त्यापेक्षा बादली हलकी." ती हसली. मागून कुणीतरी "कोण गं?" विचारलं. "भाऊ आहे माझा," ती तिकडे म्हणाली, मग इकडे, "रविवारी जेवायला ये."

"बघतो," काका म्हणाले.

प्लंबर जोड बदलून निघून गेला. काका बराच वेळ आक्काच्या पलंगाच्या कडेला बसून राहिले. एका भिंतीपलीकडे रोज पहाटे कुणी बादली उचलत होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता. आणखी काय काय ती गुपचूप सावरत असेल, हे त्यांना आठवूनही सांगता येईना, कारण त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. संध्याकाळी ते वर जाऊन बाईंना "चूक माझी होती" म्हणाले. "असू दे," म्हणत बाईंनी दार लावून घेतलं.

रविवारी ते गेले. दाजी साधे होते, कमी बोलणारे. आक्काने टेबल नीट मांडलं होतं, एरवी कपाटात ठेवायच्या त्या चांगल्या ताटल्या काढल्या होत्या. तिने काकांना आधी वाढलं, पोळीवर तूप घातलं आणि ती म्हणाली, "लाजू नकोस हं, हवं ते मागून घे."

इतक्या वर्षांत तिने त्यांना असं कधी म्हटलं नव्हतं. पाहुण्यांना म्हणायची.

"हो, घेतो," काका म्हणाले आणि खाली मान घालून जेवू लागले.