समोरच्या भिंतीचा उजेड

कामोठ्यातल्या नव्या फ्लॅटचं स्वयंपाकघर मी बिल्डरच्या जाहिरातीसाठी कॉम्प्युटरवर बनवत होतो. खिडकीतून कितीही ऊन आत सोडलं तरी ओटा प्लास्टिकच्या खेळण्यासारखा दिसे. चार दिवस मी त्या सूर्याशी भांडत होतो.

चहा घेऊन आलेली आई म्हणाली, "समोरची बिल्डिंग कुठाय? आपल्या पनवेलच्या घरात उजेड तिच्या भिंतीवरूनच येतो."

मी तिच्यावर खेकसलो. ती गेल्यावर मुकाट्याने खिडकीसमोर, चित्रात दिसणार नाही अशी, एक पिवळी भिंत उभी केली. तासाभराने ओट्यावर मऊ, पिवळसर उजेड पसरला आणि माझा जीव भांड्यात पडला.

बिल्डर म्हणाला, "आता कसं मोकळं वाटतंय."

भिंतीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.