छडाकाकूंनी घेतलेली नथ

छडाकाकू रहस्यकथा शेवटच्या पानापासून वाचायच्या. आधी खून कुणी केला ते बघायचं, पुस्तक मिटून चुलीवरचा भात उतरवायचा, आणि मग सवडीनं पहिल्या पानापासून सुरुवात. त्यांच्या खाणावळीत जेवणारी कारखान्यातली पोरं कपाळाला हात लावायची. "काकू, मग मजा काय राहिली?" काकू म्हणायच्या, "अरे, कुणी केलं ते कळलं की जीव थाऱ्यावर येतो. मग का केलं ते नीट वाचता येतं. तुम्ही सगळे चोराच्या पाठीमागे धावता. त्याच्या तोंडाकडे कुणी बघायचं?"

त्या वेळी, म्हणजे एकोणीसशे पन्नासनंतरच्या सालांत, चिंचवड स्टेशनापलीकडे कारखान्याच्या चाळी नुकत्याच उठल्या होत्या. भिंतींचा चुना अजून अंगाला लागायचा. आम्ही सगळेच कुठून कुठून आलेले. मी साताऱ्याकडची, लग्नाच्या हळदीसकट तिथं येऊन पडलेली. काकू कोकणातल्या. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, दिरांच्या घरी राबून राबून कंटाळल्या आणि एका भाच्याच्या ओळखीनं इथं येऊन त्यांनी खाणावळ काढली. जेवणारी पोरं वाचून झालेली पुस्तकं तिथंच टाकून जायची, ती काकूंनी एकूण एक वाचली होती. वस्तीत काही हरवलं की त्या छडा लावायच्या, म्हणून छडाकाकू. खरं नाव मला कधी कळलं नाही, आणि विचारायचं सुचलंही नाही.

छडा लावायची त्यांची रीत पुस्तकातली नव्हती, कोकणातली होती. एकदा पुनावळ्याहून दूध घालायला येणाऱ्या साळूबाईचं पितळी माप नाहीसं झालं. काकूंनी खाणावळीच्या आतल्या खोलीत घमेलंभर कोंडा ठेवला, दाराला लुगडं बांधलं आणि फर्मान काढलं, की प्रत्येकानं एकेकट्यानं आत जायचं, पदराआडून कोंड्यात हात खुपसायचा आणि बाहेर यायचं. सगळ्यांचे हात झाल्यावर कोंडा उपसला, तर तळाशी माप! साळूबाई हरखली, पण तिचं समाधान होईना.

"आवो काकू, पर घेतलं कुनी त्ये तरी सांगा की!"

"माप मिळालं ना? मग दूध घाल."

"तुमास्नी ठावं हाय, व्हय ना?"

"ठावं असलं म्हणून सगळं वाढायचं नसतं ताटात," काकू म्हणाल्या. चोराला परत यायला वाट ठेवावी, नाहीतर तो पुढेच जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. मला तेव्हा ते फार थोर वाटलं होतं. दुसऱ्याचं माप हरवलेलं असतं तेव्हा वाटतंच.

त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. "माणूस तोंडानं खोटं बोलतो गो, पण बाकीच्या अंगाला खोटं शिकवायचं राहून जातं," म्हणायच्या. मी दुपारी त्यांच्याकडे तांदूळ निवडायला बसायची. समोरून कुणी गेलं की विचारायच्या, "काय दिसलं?" मी म्हणायची, "गोदाबाई गेल्या." "ते आंधळ्यालाही कळलं, तिच्या जोडव्यांचा आवाज झाला. काय दिसलं?" अशी शिकवणी चालायची. मला बहुतेक वेळा काहीच दिसायचं नाही.

त्या वर्षी चैत्रात मोठ्या वहिनींकडे हळदीकुंकू होतं. मोठ्या वहिनी म्हणजे फोरमनसाहेबांची बायको. माझा नवरा त्यांच्याच हाताखाली. आंब्याची डाळ आणि पन्हं करायला काकूंना बोलावलं होतं, अर्थात मागच्या दारानं. पुढच्या खोलीत सवाष्णी. मी नवी नवरी, म्हणून मला मान देऊन अगदी गौरीपाशी बसवलं. हळदीकुंकू लावता लावता मोठ्या वहिनींची नथ टोचायला लागली, म्हणून त्यांनी ती काढून गौरीपुढच्या वाटीत ठेवली. मधे थोडा वेळ सगळ्या अंगणात गेल्या, आणि दिवेलागणीला बघतात तर वाटी रिकामी. चांगली बसऱ्याच्या मोत्यांची नथ, त्यांच्या सासूबाईंची. मोठ्या वहिनी मोठ्यानं रडायला लागल्या, आणि एकेक करून सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. जिथं मानानं बसवलं होतं तीच जागा माझ्या मुळावर आली. "नव्या नवरीला नथेची हौस असायचीच," असं कुणीतरी अगदी मायेनं म्हणालं.

दुसऱ्या दिवशी छडा लावायला काकूंनाच बोलावलं, कारण त्या तेवढ्या पुढच्या खोलीत आल्या नव्हत्या. "हळदीकुंकवाला न बोलावण्याचा एवढा एक फायदा बघ," त्या मला म्हणाल्या. पुन्हा घमेलं, पुन्हा कोंडा. काकूंनी घरच्यांपासून सुरुवात करायला लावली. मोठ्या वहिनी, त्यांची मुलगी शालू, मग आम्ही सगळ्या. कोंडा उपसला, नथ निघाली. मला वाटलं, सुटले.

कसली सुटते! दुसऱ्या दिवशी मी नळावर गेले तर बायका बोलायच्या थांबल्या. "भ्यायली आणि टाकली," एवढं ऐकू आलंच. मी घागर भरायला वाकले की शेजारची आपला तांब्या उचलून घ्यायची. नवरा कारखान्यातून येऊन मुकाट जेवायचा. एकदा मात्र भाकरी मोडता मोडता म्हणाला, "मला खरं सांग." तेवढे तीन शब्द मला जन्मभर पुरले. बातमी गावी पोचायला काय लागतं? सासूबाई स्वतः येऊन थडकल्या. "चोराची जात आमच्या घरात नगं. उद्या येष्टीनं माहेरी सोडती," म्हणाल्या आणि माझी ट्रंक त्यांनी स्वतः ओढून दारात ठेवली. माझ्या पाठच्या दोघी बहिणी लग्नाच्या होत्या. चोर म्हणून टाकलेल्या मुलीच्या बहिणींना कोण करून घेणार होतं?

मी तशीच काकूंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"तुम्हाला माहीत आहे कुणी घेतली ते. सांगा."

काकूंनी दार लोटलं. "शालूनं. त्या दिवशी तिच्या नाकपुडीला हळद होती. हळदीकुंकवाच्या घरात हळद कुणाच्या डोळ्यांवर येते? पण हळद कपाळाला लावतात गो, नाकपुडीला कोण लावतं? पोरीनं आरशात बघायला नथ घातली. तिच्या नाकात चमकीपुरतं भोक, त्यात ती जाड तार. काढताना नाक फाटलं, त्यावर हळद दाबली. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा, मग बसली गप्प. चवदा वर्षांची आहे, लग्नाची बोलणी चाललीत. तिला आज चोर म्हटलं तर जन्मभर चोर."

"आणि मला म्हटलं तर?"

काकूंचा हात सुपातच थांबला. इतकी वर्षं सगळ्यांची कोडी सोडवणारी बाई माझ्यापुढे खाली मान घालून बसली, ते मला बघवेना, आणि तरी माझा राग जाईना.

"पुस्तकात शेवटचं पान झालं की सगळे घरी जातात," शेवटी त्या म्हणाल्या. "इथं दुसऱ्या दिवशी नळावर जावं लागतं. ते माझ्या ध्यानातच आलं नाही. जा, ट्रंक आत घे."

सकाळी नळावर गर्दी होती. माझ्या सासूबाई पाय धूत होत्या. काकू रिकाम्या हातानं आल्या, घागरसुद्धा नव्हती.

"नथ मी घेतली होती," त्या म्हणाल्या. "पन्हं द्यायला कुणी येईना म्हणून मी पुढं डोकावले. खोलीत कोणी नव्हतं, तुम्ही सगळ्या अंगणात होतात. घेतली, आत नेली, नाकात घालून आरशात बघितली. सोळाव्या वर्षानंतर बघितली नव्हती. मग परत ठेवायला तोंड राहिलं नाही. त्या पोरीचा काही दोष नाही."

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. बाई गं, विधवेला नथ! जेवायला वाढते त्या हातानं! खरं की खोटं, असा प्रश्न एकीनंही विचारला नाही. विधवेला नथेचा मोह पडावा हे त्यांना इतकं पटलं, की जणू त्या वाटच बघत होत्या. सासूबाईंनी ट्रंक आत सरकवली आणि मला म्हणाल्या, "तू तशी न्हाईस, मला ठावंच व्हतं."

मी धावत खाणावळीत गेले. काकू चुलीपुढं बसल्या होत्या. जाळाचा उजेड तोंडावर होता, आणि त्यांनी इतके दिवस शिकवलं तसं मी पहिल्यांदा नीट बघितलं. डाव्या नाकपुडीवर भोक नव्हतंच. जुना, बुजलेला एक ठिपका तेवढा होता.

"काकू, तुमच्या नाकात नथ जायचीच नाही. भोक केव्हाच बुजलंय."

काकू हसल्या, अगदी खुशीत. "बघायला शिकलीस. आता गप्प राहायला शीक. शालू आहे तोवर तिचं नाव तोंडातून काढायचं नाही, शपथ घे."

शालूचं नाव मी काढलं नाही. पण गप्प राहायला मला जमलं नाही. नळावर जाऊन मी एकेकीला सांगितलं, अहो, त्यांच्या नाकाकडे बघा तरी, भोक आहे का? बघायला कुणी गेलं नाही. "तुला सोडवलीन म्हणून आता तिची बाजू घेतेस," म्हणाल्या. घरी नवऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "आता कशाला उकरतेस, मिटलंय ना?" त्यांचं मिटलंच होतं.

खाणावळीतली पोरं एकेक करून दुसरीकडे जेवायला लागली. काही तर अगदी शरमेनं, सांगूनसवरून. पावसाळ्यापूर्वी काकूंनी भांडी विकली आणि ज्या दिरांच्या घरातून त्या निघून आल्या होत्या, तिथंच परत निघाल्या. स्टेशनावर सोडायला मी एकटीच होते. त्यांचे पाय धरून मी रडले. मला म्हणायचं होतं की माझ्यापायी हे झालं, पण तेवढ्यात गाडी आली. त्यांनी माझ्या हातात एक फाटकं पुस्तक ठेवलं. "मागून वाच," म्हणाल्या, आणि मग, "नळावर ताठ मानेनं जात जा गो." पुन्हा त्यांची गाठ पडली नाही. कोकणात त्या कधी गेल्या, कशा गेल्या, हेही मला कुणाकडून कळलं नाही.

शालूचं लग्न चांगल्या घरी झालं. सांगवीला राहायची. कुठं समोर आली की पदर नाकावर ओढून घ्यायची आणि बोलता बोलता तिचे डोळे भरायचे. आम्ही दोघी मुलाबाळांचं बोलायचो. मागच्या महिन्यात ती गेली. तेराव्याला गेले होते, तेव्हा तिची लेक म्हणाली, "आईनं जन्मात नथ घातली नाही बघा, स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. आजी किती रागावली होती म्हणे."

म्हणजे आता शपथ सुटली. त्या नळावरच्या बायकांतली मी एकटीच उरले आहे, आणि हे वाचून मान खाली घालायला कुणी नाही. तरी लिहून ठेवते. मोठ्या वहिनींची नथ छडाकाकूंनी घेतली नव्हती.